चार बोटांचे डाग

दंडावर चार तपकिरी पट्टे, मागच्या बाजूला एक आखूड आणि जाड. कुणी दंड धरून आवळला तर जशी बोटं उमटतील, अगदी तशीच. मुलगी तिशीच्या आतली, आयटीत नोकरीला. सोबत आई. मी केसपेपरवर नाव लिहीत होते तोच आई म्हणाल्या, "डॉक्टर, ही मला काही सांगत नाही. तुम्हीच विचारा तिला."

आईंना बाहेर बसायला सांगितलं. हा प्रश्न एकटीलाच विचारायचा असतो आणि आडवळणं न घेता विचारायचा असतो: घरी कुणी हात उचलतं का? तिने कपाळाला हात लावला. "आईने रोज हेच लावून धरलंय. अहो, फोटो काढताना नवऱ्याने हात टाकला होता, बस." आता, अशा प्रश्नाला आलेलं प्रत्येक 'नाही' खरं असतंच असं नाही. म्हणून मी तिच्या बोलण्यापेक्षा डागांकडे बघायला लागले.

मुका मार आधी जांभळा-काळा दिसतो, मग हिरवट-पिवळा होत जातो. त्याच्या कडा विरलेल्या असतात आणि दाबलं की माणूस हात मागे घेतो. इथे कडा पेन्सिलीने आखल्यासारख्या. मी चांगलं दाबून बघितलं, तिला काही नाही. भिंगाखाली एका पट्ट्याच्या टोकाशी फुटून सुकलेल्या बारीक फोडांच्या खपल्या दिसल्या. आणि सगळ्यात खालच्या बोटापासून एक नाजूक रेघ निघून कोपराकडे उतरली होती. दंड आवळल्याने ओघळ येत नाही. ओघळ यायला काहीतरी पातळ सांडावं लागतं.

"मागच्या रविवारी दुपारी कुठे होतात?"

पुण्यात मुंढव्याकडे नवं मेक्सिकन हॉटेल निघालंय, सगळं उघड्यावर, झाडांमध्ये टेबलं. एक ते चार तिथेच. बिनबाह्यांचा कुर्ता. नवरा टेबलावरच्या सगळ्यांच्या टाकोवर, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या मक्याच्या पोळ्यांवर, हौसेने लिंबं पिळत होता. सोमवारी संध्याकाळी दंड चुरचुरायला लागला, बुधवारपर्यंत काळे पट्टे.

लिंबाच्या रसात, आणि त्याहून जास्त सालीत, फ्युरोकौमारिन नावाची द्रव्यं असतात. नुसती अंगाला लागली तर काही होत नाही. त्यावर ऊन पडलं की त्यातले अतिनील 'अ' किरण त्यांना जागं करतात, ती पेशीतल्या डीएनएला चिकटतात आणि कातडी भाजते. ही ॲलर्जी नव्हे, कुणालाही होऊ शकतं. लगेच काही दिसत नाही, एक दिवस जातो. दोन-तीन दिवसांनी जोर असतो, मग आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर काळपट डाग राहतात, काही आठवडे, कधी काही महिने. मार्गारिटा या लिंबाचा रस घातलेल्या कॉकटेलवरून पाश्चात्त्य डॉक्टर याला मार्गारिटा बर्न असंही म्हणतात. दारूचा यात काडीचा दोष नाही, लिंबू-सरबतानेही हेच होईल.

आईंना आत बोलावलं. त्यांचा चेहरा म्हणत होता की डॉक्टरसुद्धा जावयाला सामील. "लिंबाने? जन्मभर लोणची घातली आम्ही!"

"बरणी उन्हात ठेवलीत ना? फोडी करताना तुम्ही घरातच बसलात."

यानेही त्या बधल्या नाहीत. मग मी बावचीचं विचारलं. त्यांच्या नणंदेला कोड होतं, वैद्यांनी बावचीचं तेल लावून कोवळ्या उन्हात बसायला सांगितलेलं, आणि एकदा जास्त वेळ बसल्याने पायावर फोड उठलेले, हे त्यांना लख्ख आठवत होतं. तोच हा प्रकार. बावचीचं शास्त्रीय नाव सोरालिया, त्यावरूनच या द्रव्यांपैकी एकाला सोरालेन म्हणतात. पांढऱ्या डागांवर रंग परत यावा म्हणून आम्ही आजही सोरालेन देऊन मोजून-मापून प्रकाश देतो. नणंदेच्या पायावरचे फोड आठवल्यावर मात्र बाईंनी लेकीचा दंड स्वतः पुन्हा नीट बघितला.

इथवर ही ओपीडीतली एक गमतीची केस होती. पुढच्याच आठवड्यात एक पोरगा आला, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत वाळलेला गेरू. लातूरकडचा, त्याच हॉटेलात बारवर कामाला. रूमवरच्या मित्रांनी नागीण ठरवून गेरू फासला होता, मेडिकलवाल्याने त्याआधी 'सगळ्यावर चालणारी' स्टेरॉइडची ट्यूब दिली होती. हॉटेलवाल्यांनी सरळ घरी बसवलं होतं, बिनपगारी. गेरू ओल्या कापसाने उतरवायलाच वेळ गेला. खाली बोटांच्या बेचक्यात मोठाले पाण्याचे फोड आणि मनगटावरून वाहत गेलेले पट्टे. नागीण शरीराच्या एकाच बाजूला येते, ही दोन्ही हातांवर होती.

"मॅडम, पसरतं का हे?" हे त्याने तीनदा विचारलं. दुखतंय का, डाग जातील का, हे एकदाही नाही.

थंड पाण्याच्या पट्ट्या, थोडे दिवस मलम, हात झाकून ठेवायचे. आणि लेटरहेडवर ठळक लिहून दिलं की आजार संसर्गजन्य नाही.

शनिवारी नवऱ्याला म्हटलं, चल, टाको खाऊ. त्याला कारण कळलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आज व्हिजिट फी मिळणार नाही." जागा खरंच सुरेख. दारात कुंड्यांमधून निळसर घायपातीसारखी झाडं, टकिला ज्यापासून काढतात त्यांची भावकी. मका चुन्याच्या निवळीत उकळून, रात्रभर भिजवून, वाटून तिथेच टॉर्टिया करत होते. तव्यावर टाकल्या टाकल्या जो वास सुटतो त्यासाठी पुन्हा जाईन. अल पास्तोर मागवला. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी नेलेला शावर्मा तिथे अननस आणि सुक्या लाल मिरचीच्या संगतीत पार बदलून गेला, त्याचा हा टाको. मासळीचा टाको बेताचा, पीठ जाड झालेलं. मार्गारिटा मात्र चोख: टकिला, संत्र्याची लिक्युअर, ताजा रस, ग्लासाच्या काठाला मीठ. मेक्सिकोत 'लिमोन' म्हणून जे लिंबू सगळ्यावर पिळतात ते आपलं कागदी लिंबूच, आशियातून स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलेलं. अमेरिकेत बहुधा दुसरं, मोठं, बिनबियांचं मिळतं. त्यामुळे मुंढव्यातली मार्गारिटा या एका बाबतीत अस्सल निघते.

माझी नजर बारकडे होती. काउंटरचं तोंड पश्चिमेला, वर नुसती बांबूची जाळी. चारच्या सुमाराला दुसरा एक पोरगा तिथेच उभा राहून संध्याकाळसाठी मोठा जग भरेल इतकी लिंबं पिळत होता, हाताने, बाह्या सरसावून. रस मनगटावरून वाहत होता, तो फडक्याला पुसायचा आणि पुढचं लिंबू उचलायचा. जाळीची उन्हाची चौकट त्याच्या हातांवर पडलेली.

मॅनेजरला बाजूला घेतलं. आधी त्यांना वाटलं जेवणाची तक्रार आहे. ऐकून म्हणाले, "मग काय लिंबू बंद करू का, मॅडम?" नाही. आत किचनमध्ये पिळा, यंत्राने पिळा, आणि बाहेर यायच्या आधी साबणाने हात धुवा. आणि आधीच्या मुलाला कामावर घ्या, पगार कापू नका. यातल्या शेवटच्या वाक्याला ते फोनकडे बघायला लागले. मी माझं कार्ड काउंटरवर ठेवून आले.

पोरगा परत घेतला गेला, पगार अर्धाच मिळाला. लिंबं आता सकाळी आत पिळली जातात. गिऱ्हाइकांसाठी टाकोबरोबर ओला टिश्यू देतात, त्याचा उपयोग रस जरा जास्त पसरवण्यापलीकडे नाही. बेसिन अजून मागे, टॉयलेटच्या गल्लीत आहे, आणि साबणाची बाटली मी गेले तेव्हा रिकामी होती.