खांबामागचा गंधार

तिकिटं काढताना मी कंजूषपणा केला, हे आधीच कबूल करते. ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमधली मैफल, पुढच्या रांगेला अडतीस पौंड, आणि अगदी खाली बारा पौंडांची तिकिटं. त्यांच्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलेलं, ‘दिसायला अडथळा’. म्हटलं, गाणं काय डोळ्यांनी ऐकायचं असतं? दोन काढून टाकली. अडथळा म्हणजे पुढे उंच माणूस बसेल, फार तर एखादी कठड्याची सळई येईल, अशी माझी समजूत.

अडथळा म्हणजे खांब निघाला. इंग्लंडातल्या नॉर्मन खांबांशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी सांगते, दोघांनी हात धरून मिठी मारली तरी कवेत येणार नाही इतका जाड. 1089 साली बांधायला घेतलेली वास्तू ही. खांबांच्या दगडावर लालसर झाक दिसते, ती 1122 च्या आगीची म्हणतात. आमच्या खांबावरही होती. ती बघायला मला भरपूर वेळ मिळाला, कारण दुसरं काही दिसतच नव्हतं.

“अगं, हे काय?” आत्या म्हणाली. “वाजवणारे कुठायत?”

“पलीकडे आहेत आत्या.”

“म्हणजे दर्शन बंद आणि नुसता प्रसाद!”

आत्या मिरजेची. वय चौऱ्याहत्तर, तीस वर्षं मुलींच्या शाळेत गाणं शिकवलेलं. आयुष्यात पहिल्यांदाच परदेशात आलेली, तीही माझ्याकडे, रेडिंगला. तोवर आमचं लंडन झालं होतं, राजाचा वाडा बाहेरून झाला होता, लेक डिस्ट्रिक्टचे तीन दिवस पावसात वाहून गेले होते. बिबरी नावाच्या गावात एकाच घरांच्या रांगेचे फोटो काढायला शंभर माणसं उभी होती, एकशे एक आणि एकशे दोन आम्ही. परतताना आत्या बसमध्ये म्हणाली, “घरं, बदकं, हिरवळ सगळं दाखवलंस. इथलं गाणं काही ऐकवलं नाहीस.” लंडनच्या नाट्यगृहांचे दर बघून माझे डोळे पांढरे झाले. मग ही मैफल सापडली: चोवीस तंतुवाद्यांचा छोटा ऑर्केस्ट्रा, इंग्लिश संगीत आणि जोडीला आजचं.

रेडिंगहून थेट गाडी आहे, स्विंडन, स्ट्राउड करत. स्ट्राउडच्या आसपास ती दरीतून जाते तो तुकडा सुंदर आहे म्हणतात. आम्ही दोघी झोपलो होतो. दुपारी कॅथीड्रलच्या ओवऱ्या पाहिल्या. छताला दगडी पंखे उघडून ठेवल्यासारखी नक्षी आहे आणि तिच्याखाली मुलं जादूच्या छड्या घेऊन पळतात, कारण हॅरी पॉटरचं चित्रीकरण तिथं झालं. आत्याला पंखे आवडले, मुलं नाही आवडली.

तर, खांब.

मी स्वयंसेवक बाईंकडे तक्रार करायला गेले. गळ्यात बिल्ला, चेहऱ्यावर अपार सहानुभूती. त्यांनी चार वेळा ‘सॉरी’ म्हटलं आणि जागा काही बदलून दिली नाही. हे इंग्रजांनाच जमतं. मात्र आत्याच्या पायांतले नुसते मोजे आणि चपला बघून त्या कुठून तरी एक लोकरीची घोंगडी घेऊन आल्या आणि स्वतः वाकून तिच्या गुडघ्यांवर पसरली. त्यामुळे मला त्यांच्यावर नीट रागावताही येईना. मे महिना होता, पण त्या दगडांना ते कुणी कळवलं नव्हतं.

पलीकडे सूर जुळवण्याचा आवाज आला. एका व्हायोलिनने एक सूर दिला, बाकीच्यांनी धरला, अर्ध्या मिनिटात शांत.

“झालं? एवढ्यात?” आत्याला धक्काच बसला. मिरजेच्या दर्ग्यात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीच्या मैफलींना ती लहानपणापासून जायची. तिथे तंबोरे जुळवण्यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात आणि जाणती मंडळी तेही मैफलीत धरतात.

पहिला तुकडा गुस्ताव होल्स्टचा, ‘सेंट पॉल्स सुइट’. होल्स्ट इथला शेजारचाच, चेल्टनहॅमचा, जन्म 1874. ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावायच्या म्हणून हा गृहस्थ संस्कृत शिकला आणि भाषांतरं स्वतः केली. सावित्रीच्या कथेवर त्याने छोटा ऑपेराही लिहिला. हे मी गाडीत आत्याला सांगितलं तेव्हा ती नुसतं “हं” म्हणाली. पण हा सुइट त्याने लंडनच्या ज्या मुलींच्या शाळेत तो गाणं शिकवायचा तिथल्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिला, हे ऐकल्यावर कान टवकारले. “शाळेच्या मुलींसाठी? मग मास्तर चांगला असणार.” शेवटच्या भागात एक नाचाची चाल गरगर फिरत असते आणि तिच्यावर अलगद ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ हे जुनं इंग्लिश गाणं येऊन बसतं, दोन्ही गाणी एकाच वेळी. आत्या माझ्या कानाशी आली. “आमच्या गॅदरिंगलाही असं व्हायचं. चुकून.”

इथवर सगळं मजेत होतं. मी मनातल्या मनात खांबाला शिव्या घालत होते, एवढंच.

मग एक घंटा वाजली.

कुठून वाजली ते दिसलं नाही. देवळात आपण गाभाऱ्याकडे बघत असतो आणि मागून कुणीतरी घंटा वाजवतं, तशी. पुन्हा एकदा. पुन्हा. मग व्हायोलिनं उतरू लागली, वरच्या ‘सा’वरून एकेक पायरी खाली. आर्व्हो पेर्ट या एस्टोनियन संगीतकाराने 1977 साली ही रचना लिहिली, आदल्या डिसेंबरात वारलेल्या बेंजामिन ब्रिटनच्या आठवणीत. ब्रिटन इंग्लंडचा विसाव्या शतकातला फार मोठा संगीतकार, आणि पेर्टची त्याची भेट राहूनच गेली होती. रचनेत आहे काय? एक उतरतं सप्तक. बस्स.

मी डोळे मिटून बसले होते. आत्याने माझ्या मनगटावर बोट ठेवलं आणि ताल मोजायला लागली. वरची व्हायोलिनं जो अवरोह घेत होती तोच खालची निम्म्या लयीत घेत होती, व्हायोला तिच्याही निम्म्यात, चेलो त्याच्या निम्म्यात आणि डबल बास सगळ्यांत सावकाश, सोळापट. “आसावरी थाट,” ती पुटपुटली. “नुसता अवरोह. ठाय, दुगुन, चौगुन, सगळं एकदम.” मी हा तुकडा हेडफोनवर कितीतरी वेळा ऐकला होता, चार समीक्षा वाचल्या होत्या. आत्याने पहिल्या दीड मिनिटात त्याची हाडं मोजली.

खाली, खाली, खाली. एकेक वाद्य आपापल्या तळाच्या सुरावर पोहोचून तिथे थांबत होतं, नव्हे, तो सूर दाबून धरत होतं. आवाज वाढत गेला. खांबाला माझा खांदा टेकलेला होता आणि खरं सांगते, दगड थरथरल्यासारखा वाटला. भास असेल. शेवटी सगळे जण त्या कोमल गंधाराच्या, म्हणजे खाली उतरवलेल्या ‘ग’च्या, जड, काळ्या सुरावलीत उभे. आणि एकदम थांबले.

थांबल्यावर कळलं की घंटा चालूच आहे. शेवटचा टोला त्या गदारोळात हळूच दिलेला असतो, तेव्हा तो ऐकू येत नाही. तंतुवाद्यं गप्प झाली की मागे उरतो फक्त त्या टोल्याचा घुमारा. तो त्या उंच छताखाली तरंगत राहिला, आणि त्यात वर, बारीक, सुईएवढा, एक सूर होता जो कुणी वाजवलाच नव्हता.

“गंधार!” आत्या म्हणाली.

पुटपुटली नाही. म्हणाली. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवायची सवय असलेल्या आवाजात. सातशे माणसं श्वास रोखून बसलेली असताना.

मला त्या खांबात शिरून जावंसं वाटलं. पुढच्या ओळीतल्या दोन माना वळल्या. आत्याला पत्ता नव्हता. तिचे डोळे भरले होते आणि ती वर बघत होती, जिथे तो सूर होता तिथे. मग टाळ्या झाल्या.

यानंतर ॲना क्लाइन या लंडनच्या संगीतकार बाईंचा तुकडा होता, पंधरा वाद्यांचा, 2009 चा, आई गेल्यावर लिहिलेला. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. आत्या बोलली नाही, मीही नाही. घोंगडी तिने अर्धी माझ्या पायांवर सरकवली.

मध्यंतरात पेलाभर वाइनला साडेसहा पौंड पडत होते, म्हणून आम्ही पर्समधला चिवडा काढला. आमच्या डाव्या हाताच्या, रेनकोट घालून बसलेल्या म्हाताऱ्या बाई वळल्या. आता ऐकून घ्यायचं, अशी मी तयारी केली. बाई म्हणाल्या, “तुमच्या आईंनी मघाशी जो शब्द उच्चारला, त्याचा अर्थ काय?”

“आई नाही, आत्या,” मी म्हटलं, आणि मग अडकले. गंधार कसा सांगायचा? पूर्ण वाक्य बाकीच होतं, कारण आत्याला म्हणायचं होतं ‘स्वयंभू गंधार’. तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. पण खर्ज, म्हणजे खालच्या ‘सा’ची तार, चांगला लागला, जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथली गुंज, नीट निघाली असली, की षड्जातूनच शुद्ध गंधार आपोआप उमटतो. आत्याचं बालपण मिरजेच्या सतारमेकर गल्लीलगत गेलं. शेजारचे कारागीर घोडीवर कानस फिरवायचे, तारेखाली दोरा सरकवायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा कानस. गंधार बोलेपर्यंत.

माझं इंग्रजी जिथे संपलं तिथे आत्याने फोन काढला. त्यात तंबोऱ्याचं ॲप आहे, रियाजासाठी. (“यात जीव नसतो,” असं ती रोज म्हणते आणि रोज लावते.) फोन बाईंच्या कानाला लावला, दुसऱ्या हाताने त्यांचा दुसरा कान झाकला, ओळख ना पाळख! आणि तो सूर स्वतः अगदी हळू गुणगुणून दाखवला. बाई कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या. दहा सेकंद, वीस सेकंद. मग आठ्या गेल्या. त्या चाळीस वर्षं चर्चच्या गायकवृंदात गात होत्या, हे नंतर कळलं. “म्हणजे हा नेहमीच तिथे असतो?” त्यांनी विचारलं. मी भाषांतर केलं. आत्या म्हणाली, “असतो तर. पण आधी बाकीच्यांनी गप्प बसावं लागतं.” हे मात्र मी भाषांतरित केलं नाही. बाईंनी चिवडा खाल्ला. दुसऱ्यांदाही घेतला.

उत्तरार्धात एल्गार या इंग्लिश संगीतकाराचं ‘सेरेनेड’ झालं. गोड आहे. माझं लक्ष नव्हतं, कारण आमच्या बाजूच्या कमानीत कुणीतरी खुर्च्या आणि स्टँड मांडून ठेवले होते आणि मला त्यांचा अर्थ लागत नव्हता. एल्गार संपल्यावर ऑर्केस्ट्रातले नऊ जण उठले, आमच्याकडे चालत आले आणि आमच्यापासून दहा हातांवर बसले.

व्हॉन विल्यम्स या इंग्लिश संगीतकाराची ‘टॅलिस फँटेसिया’. हीच रचना, याच इमारतीत, 6 सप्टेंबर 1910 रोजी पहिल्यांदा वाजली, आणि संगीतकाराने ती स्वतः चालवली. लोक खरं तर त्यानंतरचं एल्गारचं ‘ड्रीम ऑफ जेराँटियस’ ऐकायला आले होते. श्रोत्यांत सतरा वर्षांचा हर्बर्ट हॉवेल्स आणि वीस वर्षांचा आयव्हर गर्नी होते, दोघेही पुढे संगीतकार झाले. ती दोन पोरं इतकी हलली की रात्री गावातल्या रस्त्यांवरून नुसती चालत राहिली. रचनेत वादकांचे तीन गट आहेत: मोठा ऑर्केस्ट्रा, त्यातलेच चार एकल वादक, आणि हा नऊ जणांचा दुसरा ऑर्केस्ट्रा, जो जमल्यास दूर बसवावा. म्हणजे अडतीस पौंडवाल्यांना तो दिसत नव्हता. आम्हाला फक्त तोच दिसत होता.

डबल बास वाजवणाऱ्या मुलीच्या डाव्या तर्जनीला चिकटपट्टी होती, कडा काळी पडलेली. पलीकडचा मोठा समूह एक ओळ म्हणायचा आणि हे नऊ जण ती जणू दुसऱ्या खोलीतून ऐकल्यासारखी परत म्हणायचे. वाजवायच्या आधी सगळे एकदम श्वास घ्यायचे, तो श्वास आम्हाला ऐकू येत होता. चाल टॉमस टॅलिस या जुन्या इंग्लिश संगीतकाराची, 1567 ची, चर्चच्या तिसऱ्या मोडमधली (मोड म्हणजे आपल्या थाटासारखी सुरांची मांडणी). त्या मोडला इकडे फ्रिजियन म्हणतात. मी आत्याला हे सांगणार होते, पण चालीची पहिली ओळ पुरी झाली तेव्हाच तिने हात वर करून मला थांबवलं.

“रे कोमल. ग, ध, नी कोमल. अगं, ही भैरवी आहे.”

मग पाऊण तास वाटावा असा पाव तास ती हलली नाही. अगदी शेवटी सगळे वादक एका लांब सुरावलीवर विसावतात, आणि तिथे गंधार शुद्ध आहे. तिने माझ्याकडे बघून फक्त भुवई उचलली.

टाळ्या संपेनात. निवेदकाने पुढे येऊन आणखी एक छोटा तुकडा जाहीर केला. आत्या घोंगडीची घडी घालत होती.

“आत्या, अजून एक आहे. एन्कोअर.”

“भैरवी झाली ना?”

“हो, पण ते—”

“भैरवीनंतर कुणी वाजवतं का? ऊठ.”

आणि ती उठली. सातशे माणसं बसत असताना आम्ही दोघी, स्वेटरवर शाल, शालीवर पर्स, दर पावलाला ‘सॉरी’ म्हणत बाहेर पडलो. घोंगडी परत घेताना स्वयंसेवक बाईंनी हळूच विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं.

बाहेर बारीक पाऊस होता. दारामागून तो तुकडा अंधूक ऐकू येत होता. कुठला ते मला अजून माहीत नाही. आत्या पोर्चमध्ये उभी राहून चपलांचे बंद घट्ट करत होती आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. मी निघायचं म्हटलं तर ती म्हणाली, “थांब जरा, त्यांचं होऊ दे. पाऊस आहे.”