तुम्ही विचारलंत म्हणून: चार वर्षांच्या मुलीला नाताळचा सिनेमा कुठला दाखवावा?

मुलगी चार वर्षांची आहे आणि नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघी मिळून सिनेमा बघतो, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठला बघता, आणि ती शेवटपर्यंत बसते का?

बसते, कारण सिनेमा छोटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पालकांना सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी तासाभराहून जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, त्याहून कमी असेल तर उत्तमच. मोठ्यांचे बहुतेक सिनेमे इथेच बाद होतात.

लांबीपेक्षा मला गोष्टीची काळजी जास्त वाटते. ‘सहकुटुंब बघण्याजोगा’ म्हणजे मोठ्यांना अवघडल्यासारखं होईल असं त्यात काही नाही, एवढंच. लहान मूल कशाने हादरेल, हे त्यातून कळत नाही. ‘होम अलोन’ (१९९०) घ्या. आठवी-नववीतली मुलं त्यातल्या चोरांची फजिती बघून लोळतात. पण गोष्ट सुरू कुठे होते? घरातले सगळे विमानाने निघून जातात आणि एक मुलगा मागे राहतो. आई आपल्याला विसरून निघून जाणं, याहून मोठी भीती चार वर्षांच्या मुलाला कुठली असणार? अमेरिकेत या सिनेमाला ‘पीजी’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे मुलांना दाखवायचा की नाही ते पालकांनी ठरवावं. म्हणून कुठलाही सिनेमा मी आधी एकटी बघते. नाताळच्या भेटी सांताक्लॉज नव्हे तर आईबाबाच ठेवतात, हे गुपित मध्येच कुणी फोडत नाही ना, हेही त्यात कळतं.

आम्ही बघतो तो ‘द स्नोमॅन’, १९८२ सालचा ब्रिटिश ॲनिमेशनपट, साधारण २६ मिनिटांचा. एका मुलाने बनवलेला बर्फाचा माणूस, म्हणजे हिममानव, रात्री जिवंत होतो आणि त्याला घेऊन उडतो, अशी ती गोष्ट. सुरुवातीचं थोडं निवेदन आणि मधलं एक गाणं सोडलं तर त्यात शब्दच नाहीत. त्यामुळे इंग्रजी येत नाही म्हणून तिचं काही अडत नाही. उलट तीच मला सांगत असते: आता तो फ्रीज उघडणार, आता ते उडणार. मी सारखी ‘बघ, बघ’ करत नाही. तिने विचारलं तर थांबवते, उत्तर देते, पुन्हा सुरू करते. मोबाईल दुसऱ्या खोलीत असतो.

शेवटी हिममानव वितळतो. हा भाग वगळा, असं मला बऱ्याच जणांनी प्रेमाने सुचवलंय. मी वगळत नाही. ती विचारते, “तो कुठे गेला?” मी सांगते, “वितळला.” “परत येणार?” “तो नाही येणार गं.” मग ती मला चिकटून बसते, कधी रडते. रडू दे की! जवळ मी आहे, गोष्ट सव्वीस मिनिटांची आहे आणि दुःख तिला पेलेल एवढंच आहे. गेल्या वर्षी, सिनेमातल्या त्या मुलाच्या खिशात त्या रात्री भेट मिळालेला मफलर सापडतो तेव्हा ती एकदम म्हणाली, “म्हणजे तो खरंच आला होता!” शेवट कापला असता तर हे तिला कुठून सापडलं असतं?

यंदाही तोच लावणार आहोत, कारण तिने तोच मागितलाय. तुम्हाला दुसरा एखादा सुचवायचा असेल तर जरूर सुचवा, फक्त तो किती मिनिटांचा आहे आणि त्यात कुणी हरवतं का, तेवढं आधी सांगा.