आत्यावर गेली आहे

माझ्या भावाची मुलगी चार महिन्यांची आहे. मागच्या आठवड्यात दारावरची घंटा अचानक वाजली तेव्हा तिचे दोन्ही हात एकदम वर उडाले, अंग ताठ झाले, आणि त्यानंतर तिने जे रडणे सुरू केले ते बराच वेळ थांबले नाही. आई सहज म्हणाली, "आत्यावर गेली आहे." कोणालाही त्यात वावगे वाटले नाही, कारण रात्री-अपरात्री फोन वाजला की तो उचलण्याआधीच माझ्या तळहातांना घाम फुटतो आणि छाती धडधडू लागते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र ते वाक्य दिवसभर सोडेना.

माझ्या चिंतेची आमच्या घरात दोन स्पष्टीकरणे आहेत. पहिले असे की मी आजीसारखी आहे, पिंडच घाबरट. दुसरे जरा दबक्या आवाजात सांगितले जाते: माझ्या जन्मानंतर आई जवळजवळ दीड वर्ष आजारी होती आणि त्या काळात मी या हातातून त्या हातात फिरत राहिले. या दोहोंपैकी खरे कोणते, हे ठरवण्यात मी अनेक वर्षे घालवली. आता मला वाटते की हा प्रश्नच चुकीचा मांडलेला होता.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून चिंताविकारांची अनुवंशिकता साधारण 30 ते 40 टक्के असल्याचे दिसते. हा आकडा मी बऱ्याच ठिकाणी वाचला आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तो चुकीच्या अर्थाने वापरलेला आढळला. माझ्या चिंतेचा एक-तृतीयांश भाग आजीकडून आला आणि उरलेला त्या दीड वर्षातून, असा त्याचा अर्थ होत नाही. एखाद्या मोठ्या लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकीय फरकांशी निगडित आहे, एवढेच तो आकडा सांगतो. एका व्यक्तीच्या बाबतीत अशी वाटणी करताच येत नाही. शिवाय चिंतेचे असे एखादे जनुक नाही. शेकडो ठिकाणचे बारीक बारीक फरक एकत्र येतात आणि त्यांतील प्रत्येकाचा वाटा अत्यल्प असतो.

जन्मतः स्वभाव असतो, हे मला नाकारायचे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर हलणारी खेळणी धरली, त्यांना अनोळखी आवाज ऐकवले. तेव्हा सुमारे पाचातले एक बाळ हातपाय झाडून रडू लागले. अशी मुले पुढे बुजरी होण्याची शक्यता अधिक होती, पण सगळी तशी झाली नाहीत. (घंटेने दचकणे ही मात्र त्या वयातली साधी प्रतिक्षिप्त क्रिया आहे, हे आईला सांगायचे राहून गेले.)

माझे विचार ज्याने बदलले तो प्रयोग उंदरांवरचा आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या माद्यांचे निरीक्षण केले. घरट्यात परतल्यावर काही माद्या पिल्लांना सतत चाटतात, त्यांचे अंग साफ करतात. काही माद्या हे फार कमी करतात. पहिल्या गटातील पिल्ले मोठेपणी शांत निघतात, दुसऱ्या गटातील भित्री. येथवर कोणीही म्हणेल की आईचे रक्तच तसे. पण संशोधकांनी जन्मताच पिल्लांची अदलाबदल केली, आणि कमी चाटणाऱ्या मादीच्या पोटी जन्मलेली पिल्ले मायाळू मादीच्या घरट्यात वाढून शांत निघाली.

याचे कारण 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात आहे. धोका जाणवला की मेंदूकडून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत संदेश जातो आणि कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक स्रवते (उंदरांत त्याचे काम कॉर्टिकोस्टेरॉन करते). हे संप्रेरक परत मेंदूत जाऊन हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातील ग्राहींना, म्हणजे ते ओळखणाऱ्या प्रथिनांना, चिकटते आणि "आता पुरे" असा निरोप देते. ग्राही कमी असतील तर हा ब्रेक नीट लागत नाही. दुर्लक्षित पिल्लांमध्ये ग्राही बनवणाऱ्या जनुकाच्या नियंत्रक भागावर मेथिल नावाचे छोटे रासायनिक गट अधिक प्रमाणात चिकटलेले होते आणि त्यामुळे ते जनुक दबून राहिले होते. जनुकाची अक्षरे तीच, पण त्यांचे वाचन कमी. हा फरक पिल्लांच्या पहिल्याच आठवड्यात उमटला आणि मोठेपणीही टिकला. तरी तो अटळ नव्हता: प्रौढ उंदरांच्या मेंदूत एक विशिष्ट रसायन सोडल्यावर तो मागे घेता आला.

माणसांमध्ये याच ब्रेकशी संबंधित एफकेबीपी५ हे जनुक अभ्यासले गेले आहे. त्यापासून बनणारे प्रथिन कॉर्टिसॉलच्या ग्राहीची संवेदनशीलता कमी करते, आणि गंमत अशी की कॉर्टिसॉल वाढले की हे प्रथिनही वाढते. काही माणसांत या जनुकाचे असे रूप असते की ही वाढ प्रमाणाबाहेर होते. अटलांटामधील 2008 च्या एका अभ्यासात, बालपणी अत्याचार सोसलेल्या प्रौढांमध्ये आघातोत्तर तणावाची लक्षणे किती तीव्र होतील याचा संबंध या जनुकाच्या रूपांशी आढळला. अन्य प्रकारच्या आघातांच्या बाबतीत मात्र असा संबंध दिसला नाही. पुढे 2013 मध्ये असे दिसले की विशिष्ट रूप असलेल्या आणि बालपणी अत्याचार सोसलेल्या व्यक्तींमध्ये या जनुकावरील मेथिल गट काही ठिकाणी गळून पडलेले होते. रूप आणि आघात दोन्ही एकत्र आले तेव्हाच ही खूण उमटली. आमच्या घरातली दोन स्पष्टीकरणे येथे एकाच जागी येऊन मिळतात.

मात्र या क्षेत्रात उतावीळपणा महागात पडलेला आहे. सेरोटोनिन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचे आखूड रूप आणि आयुष्यातील तणाव मिळून नैराश्य वाढवतात, असे न्यूझीलंडमधील डनेडिन येथील अभ्यासातून 2003 मध्ये मांडले गेले आणि जगभर गाजले. 2019 मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर पडताळणी झाली तेव्हा त्याला आधार मिळाला नाही. म्हणून एफकेबीपी५ बद्दलही मी एवढेच म्हणेन की यंत्रणा पटण्यासारखी आहे, पण एका जनुकाच्या चाचणीवरून कोणाचे भविष्य सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मला त्याहून भक्कम वाटतो तो रोमानियातील बुखारेस्टचा प्रकल्प. 2000 सालानंतर तेथील अनाथालयांतील 136 लहान मुलांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून, प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. साडेचार वर्षांच्या वयात कुटुंबांत वाढलेल्या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्याचे विकार लक्षणीयरीत्या कमी होते. जनुके कोणाचीही बदललेली नव्हती.

हे सगळे मी परवा आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे माझ्यामुळे झाले का?" त्या प्रश्नासाठी मी तयार नव्हते. मी तिला म्हटले की आजारपण हे दुर्लक्ष नव्हे, आणि त्या दीड वर्षात मला ज्यांनी ज्यांनी उचलून घेतले, त्या प्रत्येकाचा हात त्या ब्रेकच्या घडणीत असणार. तिला ते किती पटले हे मला कळले नाही. तेवढ्यात आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, आणि माझ्याआधी तीच उठून गेली.