वाइल्डफ्लायवर ‘अक्षरी रक्कम’: पाच रात्री आणि एक चुकीचा पत्ता

काल सकाळी सव्वादहाला कराडहून दादाचा, म्हणजे माझ्या मामेभावाचा, फोटो आला. सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती, आणि तळाला छापलेलं: ‘रुपये दोन हजार आठशे एकोणनव्वद फक्त’. आकड्यातली रक्कम मराठी शब्दांत लिहून देणाऱ्या माझ्या ‘अक्षरी रक्कम’ या वेबसेवेने ती ओळ घरातल्या जुन्या मिनी पीसीवर तयार केली, आणि ती भाड्याच्या व्हीपीएसवरून (दूरच्या व्हर्च्युअल सर्व्हरवरून) फिरून कराडला पोचली आणि कागदावर उतरली. मी तो फोटो दिवसभरात किती वेळा उघडून पाहिला ते मोजलं नाही.

मागच्या नोंदीत टॉमकॅट ९ (जावाचा सर्व्हर) आणि मेट्रो (त्यावर वेबसेवा चालवणारी लायब्ररी) सोडून जावा १७ आणि वाइल्डफ्लाय २७ (दुसरा, मोठा जावा सर्व्हर) यांवर यायचं ठरवलं होतं. कारण तेच जुनं: जावा ११ पासून (२०१८) जेएएक्स-डब्ल्यूएस (वेबसेवा लिहायचा जावाचा भाग) जेडीकेमधून (जावाच्या मूळ संचातून) गेलं, तेव्हापासून जार (लायब्ररीच्या फाइली) गोळा करत बसावं लागतं. वाइल्डफ्लायमध्ये तेच काम करणारं अपाची सीएक्सएफ आतच असतं, त्यामुळे वॉर फाइल (सर्व्हरवर टाकायचा माझ्या प्रोग्रामचा गठ्ठा) पंधरा किलोबाइटची झाली.

स्थलांतराचा पहिला भाग थोडक्यात सांगते, कारण तो एका संध्याकाळीच सुटला. जुनी वॉर तशीच टाकली. लॉगमध्ये ‘डिप्लॉइड’ आलं, एकही लाल ओळ नाही, आणि सेवेचा पत्ता उघडला तर ४०४. कारण माझ्या क्लासवर अजून जावाएक्सवालं वेबसर्व्हिस ॲनोटेशन (‘ही वेबसेवा आहे’ असं सांगणारी खूण) होतं, आणि नव्या सर्व्हरमध्ये जावाएक्स या जुन्या नावाच्या जागी जकार्ता आलंय. नव्या सर्व्हरच्या लेखी ते अस्तित्वातच नाही, आणि अनोळखी ॲनोटेशनबद्दल जावा तक्रारही करत नाही. जकार्तावालं इम्पोर्ट घातलं आणि लॉगमध्ये ‘ॲडिंग सर्व्हिस एंडपॉइंट मेटाडेटा’ ही ओळ उमटली. ती ओळ दिसल्याशिवाय पुढे जाऊच नका. आणि सगळीकडे आंधळेपणाने जावाएक्सचं जकार्ता करू नका. जावाएक्स-एसक्यूएल, जावाएक्स-एक्सएमएल-पार्सर्स, क्यूनेम हे सगळं जेडीकेचंच आहे आणि ते जुन्याच नावाने राहतं.

आता खरी गोष्ट, पत्त्याची.

माझी मांडणी तुम्हाला आठवत असेल. आमचा इंटरनेटवाला सीजीनॅटमागे ठेवतो (बाहेरचा एकच पत्ता अनेक घरांत वाटतो, त्यामुळे बाहेरून थेट घरी येता येत नाही), म्हणून घरची पेटी, म्हणजे तो मिनी पीसी, वायरगार्डच्या बोगद्याने (खासगी जोडणीने) व्हीपीएसला जोडलेली आहे. पेटीचा बोगद्यातला पत्ता १०.८.०.२, वाइल्डफ्लाय त्यावरच बांधलेला. व्हीपीएसवर एनजिनएक्स हा वेबसर्व्हर, लेट्स एन्क्रिप्टचं https साठीचं सर्टिफिकेट, आणि आलेली विनंती मागे पेटीच्या ८०८० या पोर्टला पोचवणारी प्रॉक्सी. रविवारी रात्री डब्ल्यूएसडीएल (आपलं विझडल, म्हणजे सेवा काय देते आणि कुठल्या पत्त्यावर, हे सांगणारी फाइल) ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडलं. दादाला फोन केला, त्याने पीएचपीच्या सोपक्लायंटला (सोप, म्हणजे एक्सएमएलमधून सेवा मागायची पद्धत, वापरणाऱ्या भागाला) नवा पत्ता दिला आणि पावती छापायला घेतली. उत्तर आलं: ‘कुड नॉट कनेक्ट टू होस्ट’.

विझडल मिळतं पण कॉल लागत नाही, म्हणजे विझडलच्या पोटात काय लिहिलंय ते बघायचं. सोप-ॲड्रेसच्या ओळीत http, १०.८.०.२ आणि ८०८० होतं. माझ्या बोगद्याबाहेरच्या माणसाला तो पत्ता काय उपयोगाचा? वाइल्डफ्लाय हे मुद्दाम करतो. मॉडिफाय-डब्ल्यूएसडीएल-ॲड्रेस मुळातच चालू असतं, आणि डब्ल्यूएसडीएल-होस्ट हा सर्व्हर ज्या पत्त्यावर बांधलाय तोच धरला जातो. समोर प्रॉक्सी आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

सोमवारी संध्याकाळी जेबॉस-सीएलआयमधून (वाइल्डफ्लायच्या कमांड लाइनमधून) वेबसर्व्हिसेस सबसिस्टिममध्ये डब्ल्यूएसडीएल-होस्टला माझं डोमेन दिलं आणि रीलोड केलं. (स्टँडअलोन-एक्सएमएल ही सर्व्हरच्या सेटिंगची फाइल हाताने संपादित करणाऱ्यांना परत सांगते, सर्व्हर चालू असताना ती फाइल तो स्वतः लिहितो, तुमचे बदल जातात. सीएलआय वापरा. आधीच्या आवृत्त्या कॉन्फिगरेशनच्या फोल्डरमध्ये हिस्ट्रीत साठत जातात, तेही फुकट मिळतं.) कर्लने (कमांड लाइनवरून वेबपत्ता उघडणाऱ्या साधनाने) विझडल पाहिलं: डोमेन बरोबर, पण अजून http आणि ८०८०. दादाकडे तीच चूक.

मंगळवारी डब्ल्यूएसडीएल-यूआरआय-स्कीम https केली. कर्लमध्ये https आणि माझं डोमेन दिसलं आणि मी तिथेच थांबले. पुढचा :८४४३ डोळ्यांसमोर असून वाचला नाही. स्कीम बदलली की पोर्ट तो सुरक्षित कनेक्टरचा घेतो, आणि माझ्या पेटीवर तो ८४४३ आहे. बाहेरच्या जगाला मात्र ४४३ शिवाय काही दिसत नाही. दादाकडे पुन्हा तेच.

बुधवारी डब्ल्यूएसडीएल-सिक्युअर-पोर्ट ४४३ केला. आता पत्ता अक्षर न् अक्षर बरोबर. सोपयूआयमध्ये (सोप सेवा तपासायच्या प्रोग्राममध्ये) विझडल ओढलं, २८८९ पाठवले, ‘दोन हजार आठशे एकोणनव्वद’ आलं. माझ्या मोबाइलच्या डेटावरूनही आलं. दादाला फोन केला. “अगं, परत तेच,” तो म्हणाला.

इथे मी जे केलं ते तुम्ही करू नका. नीट चाललेली रचना मी मोडली. वाटलं, डोमेन पक्कं लिहिण्यातच काही खोट असेल, म्हणून डब्ल्यूएसडीएल-होस्टला ‘जेबीओएसएसडब्ल्यूएस डॉट अनडिफाइन्ड डॉट होस्ट’ ही खास किंमत दिली. ती दिली की विनंतीत जो होस्ट आला तोच पत्त्यात लिहिला जातो. तरीही दादाकडे तीच चूक, आणि मी कर्ल न बघता झोपले. गुरुवारी संध्याकाळी पाहिलं तर पत्त्यात परत १०.८.०.२. कारण एनजिनएक्सला प्रॉक्सी-सेट-हेडरने होस्ट पुढे पाठवायला सांगितलं नाही तर तो मागच्या सर्व्हरचंच नाव पाठवतो. ती ओळ घातली, पत्ता पुन्हा बरोबर झाला. दादाकडे फरक शून्य.

मग सर्व्हर सोडून एनजिनएक्सचा ॲक्सेस लॉग उघडून बसले आणि दादाला फोनवर तीन वेळा पावती छापायला सांगितली. लॉगमध्ये एकही ओळ आली नाही. त्याच यंत्रावर ब्राउझरमधून विझडल उघडायला सांगितलं, तर ओळ लगेच आली. म्हणजे रस्ता मोकळा होता, नाव सापडत होतं, सर्टिफिकेट चालत होतं. पण पीएचपी विझडल मागायला माझ्याकडे येतच नव्हतं. माझ्याकडून घेत नाही तर ते आणतंय कुठून?

स्वतःच्या साठ्यातून. पीएचपीचा सोप विस्तार विझडल डिस्कवर साठवतो आणि साठ्याचं आयुष्य मुळात ८६,४०० सेकंद असतं, म्हणजे बरोबर एक दिवस. दादाचं ऑफिस सकाळी दहाला उघडतं, पहिली पावती निघते तेव्हा जुना साठा संपलेला असतो आणि ताजं विझडल येतं. मी बदल करते संध्याकाळी सातनंतर. त्यामुळे रोज रात्री दादाकडे दिसणारी चूक ही आदल्या रात्रीच्या रचनेची होती. बुधवारी मी सगळं बरोबर केलं तेव्हा तो मंगळवारचा ८४४३ वाला पत्ता वापरत होता. मी बुधवारी त्यानंतर पुन्हा हात लावला नसता तर गुरुवारी सकाळी आपोआप चालू झालं असतं.

साठा सापडायलाही वेळ लागला. टेम्प फोल्डरमध्ये ‘डब्ल्यूएसडीएल-’ने सुरू होणारी फाइल असायला हवी होती, ती दिसेना. त्याच्या उबुंटूवर अपाची या वेबसर्व्हरला सिस्टिमडीने (प्रोग्राम चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेने) स्वतःचं खासगी टेम्प दिलेलं आहे, फाइल त्याच्या आत होती. ती उडवली. रात्रीचे साडेअकरा झाले होते, दादा घरी गेला होता, म्हणून पावती काल सकाळची.

कोणी म्हणेल, सोपक्लायंटला ‘लोकेशन’ हा पर्याय देऊन पत्ता हाताने भरला असता तर हे काहीच लागलं नसतं. खरं आहे. पण मग प्रत्येक वापरणाऱ्याने तो भरायचा, आणि मी यंत्र बदललं की प्रत्येकाला फोन करायचा. विझडल हा करार आहे, आणि त्यात पत्ता चुकीचा असेल तर चूक माझ्या बाजूची. सोप मला आवडतं ते या करारासाठीच. चाचणीच्या काळात मात्र साठा बंदच ठेवा, सोपक्लायंटच्या पर्यायांमध्ये कॅश-डब्ल्यूएसडीएलला ‘नन’ द्या. रोजच्या वापरात तो चालू हवा, नाहीतर प्रत्येक पावतीला विझडलची एक फेरी जास्त होते.

पुढच्या कामाचा बेत असा होता: याच सेवेत ‘बोली रक्कम’ नावाचं दुसरं ऑपरेशन (सेवेकडून मागता येणारं काम) घालायचं. १५०० ला दीड हजार, १२५ ला सव्वाशे, १७५ ला पावणेदोनशे, २,५०,००० ला अडीच लाख. हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की तो बेत बदलायला हवा. ऑपरेशन वाढवलं की विझडल बदलणार, आणि ज्याच्याकडे कालचा साठा आहे त्याने नवं ऑपरेशन मागितलं तर त्याला ‘नॉट अ व्हॅलिड मेथड’ मिळणार. त्यामुळे जुन्या पत्त्याला आता हातच लावणार नाही. नव्या नेमस्पेससह (आवृत्ती वेगळी ओळखू येईल अशा नावासह) दुसरी आवृत्ती वेगळ्या मार्गावर ठेवते. एनजिनएक्समध्ये मार्गाचा उपसर्ग वेगळा करायचा झाला तर वाइल्डफ्लायच्या डब्ल्यूएसडीएल-पाथ-रीराइट-रूलमध्ये सेडसारखी (शोधा-बदला छापाची) एक ओळ लिहून विझडलमधला मार्गही बदलता येतो. आजवर त्याची गरज पडली नव्हती, आता तेच आधी करून बघते. रेस्टईझी ही रेस्ट सेवांची लायब्ररीही वाइल्डफ्लायच्या आतच आहे, तेव्हा ज्यांना एक्सएमएलऐवजी जेसन हवं त्यांच्यासाठी त्याच क्लासला एक दार तिकडूनही उघडता येईल, पण ते नंतर.

बोली रकमेच्या शब्दांचं टेबल मात्र आज रात्रीच लिहायला घेतेय. शंभरपर्यंतचे शब्द नियमात बसत नाहीत, एकोणनव्वद म्हणणारे आपण पुढे ‘एकोणशंभर’ न म्हणता नव्व्याण्णव म्हणतो, म्हणून ते मी आधीच हाताने भरले होते. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच यांना नियम बऱ्यापैकी लागतो. अडलंय ते ७५ आणि ७५० वर. पाऊणशे मी सर्रास ऐकलंय, पण ७५० ला आमच्याकडे साडेसातशेच म्हणतात, पाऊण हजार कोणी म्हणत नाही. दादाही तेच म्हणाला. तुमच्याकडे बाजारात ७५० ला काय म्हणतात ते गावाच्या नावासह कळवा, टेबल त्याप्रमाणे भरते.