कामाआधीचे काम : विनाखोदाई नळवाहिन्या आणि लाकडी इमारती

बांधकाम व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून प्रबंधासाठी दोन विषय अलीकडे वारंवार सुचवले जातात : रस्ता न खोदता नळवाहिनी टाकण्याच्या ट्रेंचलेस पद्धती आणि लाकडी सांगाड्याच्या बहुमजली इमारती. एक विषय जमिनीखालचा आणि दुसरा जमिनीवरचा असल्याने दोहोंचा एकत्र विचार करण्यामागचे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. माझ्या मते या दोन्हींतील व्यवस्थापनाचा प्रश्न एकच आहे, आणि तो प्रतिमीटर किंवा प्रतिचौरसफूट दराचा नाही. दोन्ही पद्धतींत बहुतेक निर्णय काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी, कागदावर पक्के करावे लागतात. आणि ‘साइटवर बघून घेऊ’ या भरवशावर चालणाऱ्या आपल्या कामांना नेमके हेच सर्वांत जड जाते.

नागपुरात हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. शहरातील अनेक डांबरी रस्ते आता सिमेंट काँक्रीटचे झाले आहेत. डांबरी रस्त्यातील चर कशीबशी बुजवता येते. काँक्रीटचा पॅनेल मध्येच कापला, की सांध्यांची मूळ रचना बिघडते आणि ठिगळ पहिल्या एकदोन पावसाळ्यांतच खचू लागते. अशा रस्त्याखालची जुनी गडरलाइन किंवा पाण्याची लाइन बदलायची असेल, तर विनाखोदाई पद्धतीचा विचार करावाच लागतो. मात्र या नावाखाली येणाऱ्या पद्धती एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. पाण्याच्या दाबवाहिनीसाठी आडवे दिशादर्शित ड्रिलिंग, म्हणजे दिशा वळवता येणाऱ्या ड्रिलने आडवे छिद्र पाडून त्यातून पाइप ओढणे, उत्तम चालते. परंतु उतारावर वाहणाऱ्या मलवाहिनीला जी काटेकोर पातळी लागते, ती लेझरच्या आधाराने चालणाऱ्या मायक्रोटनेलिंगमध्ये (दूरनियंत्रित यंत्राने लहान बोगदा पाडत मागून पाइप ढकलण्याच्या पद्धतीत) अधिक खात्रीने मिळते. पाइप बर्स्टिंगमध्ये जुनी वाहिनी आतून फोडत तिच्याच जागी नवी ओढली जाते, पण प्रत्येक घराच्या जोडणीपाशी खड्डा घ्यावा लागतो. महाल किंवा इतवारीसारख्या दाट वस्तीत घरे इतकी लागून आहेत, की या पद्धतीतला ‘विनाखोदाई’ हा शब्द बराचसा नावापुरता उरेल. निविदेपूर्वी जोडण्या मोजल्याच नसतील, तर हे काम सुरू झाल्यावर कळते.

त्याहून मोठा प्रश्न जमिनीचा आहे. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व सीमेवर वसलेले आहे : पश्चिमेकडे काळ्या मातीखाली मुरूम आणि बेसाल्ट, तर पूर्वेकडे कितीतरी जुने रूपांतरित खडक. मऊ मुरमातून सरळ चाललेला पायलट बोअर, म्हणजे ड्रिलिंगमधले पहिले बारीक वाट दाखवणारे छिद्र, झिजून गोल झालेल्या बेसाल्टच्या टणक गाभ्यावर आदळून वळतो. काळी माती ड्रिलिंगच्या द्रवातील पाणी पिऊन फुगते आणि बोअर आवळते, म्हणून द्रवात योग्य पॉलिमर घालावे लागते. जमिनीखालच्या वाहिन्या शोधण्यासाठी भू-भेदी रडार वापरा, असा सल्ला परदेशी शोधनिबंधांत सर्रास असतो. पण विद्युतवाहक चिकणमातीत रडारच्या लहरी लवकर विरतात आणि ओलसर काळ्या मातीत रडारला अनेकदा मीटरभरही खोल दिसत नाही. तेव्हा येथे चाचणी खड्डे घेण्याला पर्याय नाही. हे खड्डे कुठे, किती अंतरावर आणि कोणाच्या खर्चाने घ्यायचे, हा मला प्रबंधासाठी दहा दरपत्रकांच्या तुलनेहून मोलाचा विषय वाटतो.

कारण शेवटी हा धोका कोणाच्या तरी अंगावर पडतो. आपल्या करारांत तो बहुधा एका कलमाने कंत्राटदारावर ढकलला जातो, आणि मग अडकलेले ड्रिल, थांबलेले काम आणि लांबलेला वाद असे सगळे ओघाने येते. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने भूमिगत कामांसाठी 2019 साली आणलेल्या ‘एमराल्ड बुक’ या नमुना करारात भू-तांत्रिक आधार अहवालाची पद्धत आहे : जमीन कशी असेल असे गृहीत धरले आहे ते आधीच लिहायचे, आणि प्रत्यक्षात त्याहून वाईट निघाल्यास जादा खर्चाचा भार मालकाने उचलायचा. महापालिकेच्या लहान कामांना त्याचे सुटसुटीत रूप कसे देता येईल, यावर मराठी मुलखात काम व्हायला हवे.

आता लाकूड. कॅनडात व्हँकुव्हर येथे 2017 साली पूर्ण झालेल्या ब्रॉक कॉमन्स या अठरा मजली वसतिगृहाचे उदाहरण सगळे देतात. साहित्य जागेवर आल्यानंतर सत्तर दिवसांच्या आत तेथील लाकडी सांगाडा उभा राहिला, हा वेगच विद्यार्थी अहवालात ठळक करतात. त्यामागे आधी तयार केलेले संपूर्ण संगणकीय प्रतिरूप आणि प्रत्यक्ष आकाराचा दोन मजली नमुना होता, हे मात्र मागे पडते. थर आडवे-उभे चिकटवून बनवलेल्या सीएलटी फळीत नळ आणि वायरसाठीची छिद्रे कारखान्यातच पाडली जातात. स्लॅब टाकल्यावर प्लंबरने येऊन छिन्नी मारायची, ही आपली रीत तेथे चालणार नाही.

विदर्भाला लाकडाचे अप्रूप नाही. नव्या संसद भवनात नागपूरचे सागवान वापरले गेले, आणि बल्लारपूरचे सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेले. तरीही सरकारी इमारतींत लाकूड दीर्घकाळ वर्ज्य होते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने 1993 मध्ये घातलेली बंदी 2020 मध्ये उठवली. आगीची भीती निराधार नाही, नागपूरच्या भोसल्यांचा नक्षीदार लाकूडकामाचा राजवाडा 1864 मध्ये जळालाच. परंतु जाड लाकडी तुळई मिनिटाला साधारण 0.65 मिलिमीटर या अंदाज करता येण्याजोग्या वेगाने कोळसा होत जाते, आणि आतला गाभा भार पेलत राहतो. त्यामुळे तुळईची जाडी आधीच वाढवून आगीचा हिशेब करता येतो. वाळवीचा आणि मे महिन्यातील कोरडेपणानंतर लगेच येणाऱ्या पावसाळी दमटपणाचा हिशेब आपल्यालाच मांडावा लागेल, कारण सीएलटीचा अनुभव मुख्यतः थंड देशांतील स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या मऊ लाकडाचा आहे आणि सागवानातील तेलकट घटकांमुळे ते चिकटवणेही तितके सोपे नाही.

पर्यावरणाच्या दाव्यांबाबत मी विद्यार्थ्यांकडे आग्रह धरतो, की हिशेबाची सीमा आधी लिहा. घनमीटरला पाचशे किलो कोरड्या वजनाच्या लाकडात सुमारे नऊशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन साठलेला असतो, हे खरे आहे. पण ते लाकूड युरोपातून जहाजाने आणि पुढे ट्रकने नागपुरात यायचे असेल, आणि पन्नास वर्षांनी जाळले जायचे असेल, तर उत्तर बदलते. विनाखोदाई पद्धतींनाही हेच लागू आहे. जुन्या वाहिनीत राळेचे अस्तर जागेवरच कडक करण्याच्या सीआयपीपी पद्धतीत चर वाचते, वाहतूक खोळंबत नाही. मात्र पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवून दिले, की वाफेने अस्तर कडक करताना बाहेर पडणाऱ्या धुरात स्टायरीनसारखी घातक रसायने असतात. चेंबरजवळ उभा राहणारा मजूर त्या हिशेबात आला पाहिजे.

यंदा या विषयांकडे वळणाऱ्यांना माझी विनंती अशी आहे, की दर गोळा करण्यापूर्वी एका चालू कामाची निर्णयवही ठेवावी : कोणता निर्णय कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने झाला, आणि तो त्याआधी घेता आला असता का. खोदाईपूर्वी वाहिन्यांच्या मालकांना कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले आहे. त्यावर मिळालेली माहिती चाचणी खड्ड्यात सापडलेल्या वाहिनीशी कितपत जुळली, एवढी एक नोंद रकान्यात भरली, तरी पुढच्या निविदेत चाचणी खड्ड्यांची बाब समाविष्ट करायला आधार मिळेल.