प्लाझ्मा कटर, पावसाळा आणि जळालेल्या टिपा

नऱ्ह्यात आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, ग्रिल, गेट, जिने असली कामं. ग्राइंडरने प्लेटा कापून मनगटं कामातून गेली म्हणून जूनमध्ये ४० अँपिअरचा प्लाझ्मा कटर घेतला, सिंगल फेजवाला, म्हणजे कॉम्प्रेसरची हवा विजेच्या आर्कने तापवून तिच्या झोताने लोखंड कापणारं मशीन. खरेदी, वायरिंग, वेगळा एमसीबी सगळं दोन दिवसांत उरकलं, ६ एमएमची प्लेट झक्कास कापली, त्याबद्दल तक्रार नाही.

रडगाणं पुढे आहे. पाऊस लागला आणि टिपा, म्हणजे टॉर्चच्या तोंडाशी झोत बाहेर सोडणारे भोकाचे तुकडे, जळायला लागल्या. आर्क फुरफुरायचा, कट तिरका जायचा आणि पंधरा मिनिटांत टिपेचं गोल भोक लंबगोल. डीलरला फोन केला की एकच उत्तर, 'सर, ओरिजिनल टिप वापरा.' अहो, तुमच्याकडूनच तर घेतोय! तीन आठवडे हेच चाललं.

शेवटी मशीनला प्लास्टिक गुंडाळून ॲक्टिव्हावर पायाशी ठेवलं आणि भर पावसात, नवले पुलाचं ट्रॅफिक खात भोसरीला डीलरकडे नेलं. तिथे दोन तास बसवून ठेवलं, मग त्यांच्या एअर लाईनवर जोडलं आणि मशीन शहाण्या पोरासारखं चाललं! 'मशीन ओके आहे, तुमच्या ऑपरेटरचा हात बसला नाहीये.' वर पाचशे रुपये चेकिंग चार्ज. ऑपरेटर मीच, अठरा वर्षं वेल्डिंग करतोय. हवा कशी आहे तुमच्याकडे, एवढं एकाने विचारलं नाही. त्यांच्या लाईनला हवा सुकवणारा ड्रायर होता हे माझ्याही डोक्यात नंतर आलं.

घरी येऊन कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा ड्रेन कॉक उघडला तर तांब्याभर गंजकं पाणी निघालं. हवा दाबली की तापते, टाकीत निवताना तिच्यातलं पाणी सुटतं, आणि आपल्याकडे जुलैत हवेत पाण्याला काय तोटा.

मग बोहरी आळीतून एफआरएल आणला, म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर आणि हवेत तेल सोडणारी वाटी असा एकत्र सेट. दुकानदाराने 'लाईफ वाढतं' म्हणून त्याच्या वाटीत तेलही ओतून दिलं. टिपा आणखी लवकर जळाल्या. शेजारच्या गॅरेजमधले पेंटर काका बघायला आले आणि हसायलाच लागले, 'अरे बाबा, ती तेलाची वाटी नट खोलायच्या एअर गनसाठी असते. हवेत तेल गेलं तर आमच्या रंगाला खड्डे पडतात, तुझी टिप काय टिकणार!'

वाटी काढली, तेलकट पाइप बदलला, नुसता फिल्टर आणि रेग्युलेटर ठेवला. फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका, गरम हवेतलं पाणी त्यात अडकत नाही, मी दहा मीटर पाइपनंतर मशीनजवळ लावलाय. प्रेशर टॉर्चमधून हवा वाहत असताना सेट करा, बंद असतानाचा आकडा फसवतो. आमच्या मशीनला ५ बार लागतो, तुमच्यावर लिहिलेला बघा.

आणि हो, टिप बदलताना मेन स्विच बंद, टॉर्चला दोनशेच्या वर व्होल्ट असतात. टिपेच्या आत बसणाऱ्या इलेक्ट्रोडच्या टोकाला दीड एमएम खड्डा पडला की तोही टाका, नुसती टिप बदलून पैसे जातात. अर्थचा क्लॅम्प कापायच्या प्लेटवरच, घासलेल्या जागी लावा, गंजक्या टेबलावर नको. ठिणग्या प्लेटच्या खालून किंचित मागे पडल्या तर स्पीड बरोबर, वर उडाल्या तर आरपार जात नाहीये, थांबा. मधेच भोक पाडायचं असेल तर टॉर्च तिरकी धरून हळूहळू उभी करा, नाहीतर वितळलेलं लोखंड टिपेवर आणि तोंडावर. डोळ्यांसमोर ८ नंबरची काच, अंगात कॉटनचे कपडे. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा बंद शेडमध्ये कापू नका, मी एकदा कापला आणि त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप आला. बंद ड्रम तर कुणी कितीही पैसे देवो, स्फोटाच्या भीतीने हात लावत नाही.

आता रोज सकाळी अगरबत्तीच्या आधी ड्रेन कॉक. तेलाची वाटी कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला दिली, त्याची गन मस्त चालतेय म्हणे.