डिंकातली कपची

आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्या एका कंपनीत मी कच्च्या मालाची तपासणी करते. मार्चमध्ये सातपुड्यातून आलेल्या सालई डिंकाच्या एका खेपेने मला अडवले. निखाऱ्यावर टाकल्यावर सुगंध अस्सल येत होता, रंगही ठीक होता. मात्र अल्कोहोलमध्ये राळ विरघळल्यावर गाळणीवर उरलेला गाळ नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त होता. त्यात सालीचे कागदासारखे पापुद्रे असणारच, पण या वेळी नखाएवढ्या लाकडाच्या कपच्या होत्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील जलवाहिन्यांची भोके स्वच्छ दिसत होती. सालईचा डिंक झाडाच्या आतल्या सालीतील नलिकांमधून पाझरतो, त्यासाठी हत्यार लाकडापर्यंत जाण्याचे काहीच कारण नाही. म्हणजे ही भेसळ नव्हती. कोणीतरी झाडावर फार खोल घाव घातले होते.

खेप नाकारून मला मोकळे होता आले असते, पण नाकारलेला माल दुसरा कोणीतरी घेतो आणि झाडावरचे घाव चालूच राहतात. म्हणून परवानगी काढून मी धारणी तालुक्यातल्या त्या गावी गेले. ग्रामसभेतले एक वयस्कर कोरकू काका मला टेकडीवर घेऊन गेले. उन्हात सालईची झाडे निष्पर्ण उभी होती आणि त्यांच्या राखाडी-हिरवट खोडांवरून पापुद्रे सुटत होते. छातीच्या उंचीवर कुऱ्हाडीचा घाव असलेल्या एका झाडापाशी काका थांबले. मी त्या घावात बोट घातले, ते दोन पेरे आत गेले. कडा काळ्या पडून सुकल्या होत्या आणि खाली किड्यांनी पोखरलेला पिवळसर भुसा साचला होता. साल आणि लाकूड यांच्यामधला जो जिवंत थर जखम भरून काढतो, तोच तिथे तुटला होता. शेजारच्या झाडावर काकांनी स्वतः काही वर्षांपूर्वी घेतलेली खाच होती. ती फक्त सालीपुरती होती आणि दोन्ही बाजूंनी नवी साल येऊन जवळजवळ मिटली होती.

“पोरायनं केलं हे,” काका म्हणाले. “व्यापारी वजनावर पैसे देते, ताई. खोल मारलं का लवकर निघते.” पुढच्या वर्षी काय होते, असे मी विचारले. “मंग झाड वाळते,” एवढेच ते म्हणाले.

मला अधिक अस्वस्थ केले ते लहान झाडांच्या अभावाने. सालईला स्वतःच्याच परागकणांनी सहसा फळ धरत नाही, त्यामुळे बियांपासून रोपे कमीच येतात. मुळांपासून फुटवे येतात, पण ते गुरे खातात आणि वणव्यात जळतात. तासभर शोधून मला कमरेइतकी उंच तीनच रोपे दिसली. सालईच्याच कुळातल्या, इथिओपिया आणि सुदानकडच्या धूपझाडाविषयी 2019 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी वाचला होता. त्यात पाहणी केलेल्या 75 टक्क्यांहून अधिक ठिकाणी लहान झाडेच नव्हती आणि 20 वर्षांत तिथले उत्पादन निम्म्यावर येईल असा अंदाज होता. तो वाचताना आफ्रिका दूर वाटली होती, या टेकडीवर ती तितकी दूर राहिली नाही.

संध्याकाळी ग्रामसभेच्या माणसांबरोबर बसले. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा, म्हणजे डिंकासारख्या लाकडाखेरीजच्या जंगली उत्पन्नावरचा, हक्क त्यांचा आहे, त्यामुळे नियमही त्यांनीच ठरवले: कुऱ्हाड बंद, खाच सालीपुरतीच, तीन फुटांहून कमी घेराच्या झाडाला हात लावायचा नाही आणि एकदा खाच घेतलेल्या झाडाला पुढची दोन वर्षे विसावा. डिंक बांबूच्या टोपलीत ठेवून त्यातला पातळ रस निथळू द्यायचा, ही त्यांची जुनी रीत घाईत मागे पडली होती. तीही पुन्हा सुरू करायचे ठरले. माझ्या हातात एवढेच होते की, लाकडाची कपची नसलेल्या मालाला जास्त दर द्यावा, अशी शिफारस मी परत आल्यावर अहवालात लिहिली.

पुढच्या हंगामातला नमुना मी स्वतः गाळला. गाळणीवर पापुद्रे आणि थोडी माती होती, लाकूड नव्हते. पोती मात्र आधीच्या वर्षीपेक्षा कमी आली आहेत आणि त्या पोत्यांचा वाढीव दर मंजूर व्हावा म्हणून मी खरेदी विभागाला आतापर्यंत तीन पत्रे लिहिली आहेत.